सही चालते तोवर : वार्धक्यातील कायदेशीर तजवीज

आयुर्मान वाढले ही गेल्या काही दशकांतील मोठी जमेची बाजू होय. 2011 च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्ती सुमारे 10.38 कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या 8.6 टक्के होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण 9.9 टक्के, तर केरळात 12.6 टक्के होते. मुदत ठेव, निवृत्तिवेतन, आरोग्य विमा, ज्येष्ठ नागरिक बचत योजना या आर्थिक तजविजीबाबत आपला ग्राहक आता पुरेसा जागरूक झाला आहे. परंतु साठविलेला हा पैसा आपल्याच उपयोगी, आपल्याच इच्छेनुसार आणि योग्य वेळी पडावा, यासाठी लागणारी कायदेशीर तजवीज मात्र बहुतेक घरांत ‘पुढे पाहू’ या सदरात पडून राहते. ती नेमकी कोणती, कोणता कागद कोणत्या प्रसंगी चालतो आणि कोणत्या प्रसंगी निरुपयोगी ठरतो, याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वकिलीची एक वेगळी शाखा

अमेरिकेत या विषयाची वकिलीची स्वतंत्र शाखाच विकसित झाली असून तिला ‘एल्डर लॉ’ असे म्हणतात. या क्षेत्रातील वकिलांची राष्ट्रीय अकादमी 1987 मध्ये स्थापन झाली. साठी-सत्तरीतील दांपत्य अशा वकील महिलेकडे जाते, तेव्हा तिचे काम मृत्युपत्र लिहून देण्यापुरते मर्यादित नसते. न्यासाची स्थापना, आर्थिक व्यवहारांचे मुखत्यारपत्र, वैद्यकीय निर्णयांसाठी प्रतिनिधीची नेमणूक, शुश्रूषागृहाच्या खर्चाचे नियोजन आणि वेळ पडल्यास न्यायालयाकडून पालकाची नियुक्ती, ही सर्व कामे ती एका सूत्रात ओवते. तेथे पासष्टीनंतर मिळणारी ‘मेडिकेअर’ ही सरकारी आरोग्यसेवा शुश्रूषागृहातील दीर्घकालीन देखभालीचा खर्च उचलत नाही. तो ‘मेडिकेड’ या दुसऱ्या योजनेतून मिळवायचा, तर अर्जदाराची मालमत्ता मर्यादेत असावी लागते आणि बहुतेक राज्यांत अर्जापूर्वीच्या साठ महिन्यांत कोणाला काय बक्षीस दिले, हेही तपासले जाते. साहजिकच तेथील वकिलाचा बराच वेळ या नियोजनात जातो.

शुश्रूषागृहाच्या खर्चाचा हा प्रश्न आपल्याकडे त्या स्वरूपात नाही. मात्र तेथील एक दस्तऐवज आपण समजून घेण्याजोगा आहे. सामान्यतः मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी शाबूत असेपर्यंतच ते वैध राहते. व्हर्जिनिया राज्याने 1954 मध्ये प्रथम असा कायदा केला, की देणाऱ्याने तशी इच्छा नमूद केली असल्यास त्याची निर्णयक्षमता गेल्यानंतरही मुखत्यारपत्र चालू राहील. पुढे सर्व राज्यांनी हे ‘टिकाऊ मुखत्यारपत्र’ स्वीकारले. इंग्लंड व वेल्समध्येही 2005 च्या कायद्यान्वये 2007 पासून अशीच सोय आहे. भारतात ती नाही. हा फरक पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांनाही ठाऊक नसतो, आणि ज्या दिवशी तो कळतो, त्या दिवशी उपाय करण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

वार्धक्याचे तीन टप्पे

कायद्याच्या दृष्टीने वार्धक्याचे तीन टप्पे पाडता येतात. पहिल्यात शरीर थकते, पण बुद्धी व इच्छा शाबूत असते. दुसऱ्यात विस्मरण, पक्षाघात किंवा बेशुद्धावस्था यांमुळे निर्णयक्षमता जाते, पण आयुष्य चालू राहते. तिसरा टप्पा मृत्यूनंतरचा. प्रत्येक टप्प्याचे कागद वेगळे आहेत, आणि एका टप्प्याचा कागद दुसऱ्या टप्प्यात सहसा चालत नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, पतिनिधनानंतर एकट्या राहणाऱ्या एक सेवानिवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांच्या नावे एक सदनिका, निवृत्तिवेतनाचे बचत खाते, काही मुदत ठेवी आणि एक लॉकर आहे. मुलगा पुण्यात व मुलगी बेंगळुरूत नोकरी करते. दोघेही मायाळू आहेत. बाईंनी सर्व ठेवींवर मुलाचे नाव नॉमिनी म्हणून लावले असून आपली सर्व व्यवस्था झाली, अशी त्यांची समजूत आहे. ती कितपत खरी, हे प्रत्येक टप्प्यावर तपासू.

पहिला टप्पा : शरीर थकलेले, बुद्धी शाबूत

समजा, बाईंचे खुब्याचे हाड मोडले. त्या अंथरुणाला खिळल्या, हात थरथरतो, सही जुळत नाही. अशा वेळी घरोघरी दोन उपाय योजले जातात : एटीएमचा पिन मुलाला सांगणे आणि सह्या करून कोरे धनादेश कपाटात ठेवणे. दोन्ही घातक आहेत. पिन सांगितल्याने मुलाला कायदेशीर अधिकार मिळत नाही आणि गैरव्यवहार झाल्यास जबाबदारी खातेदारावरच येते. कोरा धनादेश तर ज्याच्या हाती पडेल त्याचा.

बँकेकडे यासाठी रीतसर मार्ग आहेत. सही करू न शकणाऱ्या आजारी खातेदाराच्या अंगठ्याचा ठसा धनादेशावर वा पैसे काढण्याच्या अर्जावर घेता येतो. बँकेला परिचित असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी तो ओळखावा लागतो व त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंगठाही उमटवता येत नसेल, तर खातेदार कोणत्याही प्रकारे करू शकेल ती खूण, अगदी पायाच्या अंगठ्याचा ठसादेखील, याच पद्धतीने चालतो. पैसे प्रत्यक्ष कोण नेणार हे खातेदाराने सांगावयाचे असते आणि त्या व्यक्तीचीही ओळख पटवली जाते. सत्तर वर्षांवरील व दिव्यांग ग्राहकांना रोख रक्कम, धनाकर्ष यांसारख्या मूलभूत सेवा घरपोच द्याव्यात, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2017 मध्ये दिले. हयातीच्या दाखल्यासाठी 2014 पासून ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय सोय आहे.

पहिल्या टप्प्यातील दुसरे साधन म्हणजे संयुक्त खाते. येथे नुसते ‘जॉइंट’ म्हणून भागत नाही, व्यवहाराची पद्धत काय निवडली हे महत्त्वाचे. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीत दुसऱ्या खातेदाराला व्यवहाराचा स्वतःचा अधिकार असतो. ‘पहिला किंवा हयात असेल तो’ या पद्धतीत मात्र पहिला खातेदार हयात असेपर्यंत दुसऱ्याला पैसे काढता येत नाहीत. ‘दोघांनी मिळून’ या पद्धतीत एकाची सही थांबली की खातेच थांबते. संयुक्त खात्यात नाव लागले एवढ्यावरून दुसरा खातेदार त्या पैशाचा मालक होतो, असेही समजू नये.

तिसरे साधन मुखत्यारपत्र. विशिष्ट कामापुरते दिलेले ते विशेष मुखत्यारपत्र, आणि व्यापक अधिकार देणारे ते कुलमुखत्यारपत्र. वृद्ध व्यक्तीने शक्यतो विशेष मुखत्यारपत्र द्यावे. कोणते खाते, कोणत्या ठेवी, किती रकमेपर्यंत, हे त्यात स्पष्ट लिहावे. सदनिका विकण्याचा किंवा तारण ठेवण्याचा अधिकार आवश्यकता नसताना देऊ नये. शाखेत ते नोंदवून घ्यावे आणि रद्द केल्यास लेखी कळवावे.

हे सर्व उपाय पहिल्या टप्प्यापुरते उत्तम आहेत. अडचण सुरू होते ती यापुढे.

दुसरा टप्पा : तजविजीतील सर्वांत मोठी पोकळी

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 201 नुसार, अधिकार देणारी व्यक्ती मृत्यू पावल्यास किंवा तिची बुद्धी अस्थिर झाल्यास प्रतिनिधीचा अधिकार संपुष्टात येतो. मुखत्यारपत्र म्हणजे देणाऱ्याच्या इच्छाशक्तीची सावली. मूळ वस्तूच नाहीशी झाली, तर सावली टिकत नाही. बाईंनी मुलीला मुखत्यारपत्र दिले आणि तीन वर्षांनी स्मृतिभ्रंशाने त्यांना माणसेही ओळखू येईनाशी झाली, तर ज्या दिवसासाठी ते पत्र केले होते, नेमक्या त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरते. नॉमिनीच्या नावाचाही उपयोग नाही, कारण खातेदार हयात असताना नॉमिनीला कोणताही अधिकार नसतो. मृत्युपत्र तर मृत्यूनंतरच बोलू लागते.

ही शक्यता दुर्मीळ नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार भारतातील साठीपुढील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे 7.4 टक्के, म्हणजे अंदाजे 88 लाख व्यक्ती इतके आहे. पक्षाघात व अपघातामुळे बेशुद्धावस्थेत गेलेले रुग्ण यात धरलेले नाहीत.

शाखेत काम करताना या टप्प्यावरची कुटुंबे भेटतात. आईच्या उपचारांसाठी आईचीच ठेव मोडायची असते. मुलगी हाती मुखत्यारपत्र व डॉक्टरांचा दाखला घेऊन येते, आणि तो दाखलाच मुखत्यारपत्राला छेद देणारा असतो. तिला बँक निर्दय वाटते. परंतु कोणाही नातेवाइकाच्या सांगण्यावरून बँकेने एखाद्याला ‘असमर्थ’ ठरवून त्याचे पैसे दुसऱ्याच्या हाती दिले, तर कोणाचीच ठेव सुरक्षित राहणार नाही. अडचण अधिकाऱ्याच्या मनाची नसून कायद्यातील पोकळीची आहे.

ती पोकळी अशी. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खाली पालक नेमता येतो, पण तो स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता यांपुरताच आहे. वार्धक्यातील स्मृतिभ्रंश त्यात बसत नाही. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोरुग्णाच्या मालमत्तेच्या व्यवस्थापनासाठी न्यायालयाकडून व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. त्याची जागा घेणाऱ्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी आहे, पण त्याचा अधिकार उपचारविषयक निर्णयांपुरता आहे, मालमत्तेपर्यंत तो पोहोचत नाही. परिणामी कुटुंबांना राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात जाऊन पालकाची नेमणूक करून घ्यावी लागते. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये शोभा गोपालकृष्णन प्रकरणात बेशुद्धावस्थेतील रुग्णांच्या पालकनियुक्तीसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. मुंबई उच्च न्यायालयानेही अशा याचिकांत पालक नेमले आहेत. वैद्यकीय तपासणी, मालमत्तेची यादी, सर्व वारसांची माहिती आणि नेमणुकीनंतर ठराविक काळाने हिशेब, असे या प्रक्रियेचे स्वरूप असते. मार्ग आहे, पण त्याला वेळ व पैसा लागतो, आणि तोवर रुग्णालयाचे देयक थांबत नाही.

मग आधीच काय करता येईल? तीन गोष्टी.

पहिली, एका खात्याची योग्य रचना. दोन-तीन वर्षांच्या उपचारखर्चाला पुरेल एवढी रक्कम विश्वासू अपत्यासह ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीच्या खात्यात ठेवावी. सर्व पुंजी तेथे ठेवू नये. दुसऱ्या खातेदाराचा कर्जबाजारीपणा वा मोह, दोन्हींची झळ त्या खात्याला लागू शकते.

दुसरी, खाजगी न्यास. भारतीय न्यास अधिनियम, 1882 खाली बुद्धी शाबूत असताना न्यास स्थापून मालमत्ता विश्वस्तांच्या नावे करता येते. ‘माझ्या हयातीत माझ्या उपजीविकेसाठी व उपचारांसाठी, त्यानंतर अमुक व्यक्तींसाठी’ असे त्यात लिहिता येते. विश्वस्ताचा अधिकार संस्थापकाच्या रोजच्या निर्णयक्षमतेवर अवलंबून नसल्याने दुसऱ्या टप्प्यातही न्यास चालू राहतो. टिकाऊ मुखत्यारपत्राला आपल्या कायद्यातील सर्वांत जवळचा पर्याय हाच. स्थावर मालमत्ता असल्यास नोंदणी व मुद्रांक शुल्क लागते, करविषयक परिणामही पाहावे लागतात. त्यामुळे हा मार्ग प्रत्येकासाठी नाही. मात्र अपत्यहीन दांपत्ये, परदेशस्थ मुले असलेले पालक आणि दिव्यांग अपत्याचे आईवडील यांनी त्याचा अवश्य विचार करावा.

तिसरी, उपचारविषयक पूर्वसूचना. सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ प्रकरणात 9 मार्च 2018 रोजी तिला मान्यता दिली, आणि 24 जानेवारी 2023 रोजी प्रक्रिया सुलभ केली. बरे होण्याची आशा उरली नसताना केवळ यंत्रांच्या आधारे आयुष्य लांबवू नये, ही इच्छा सज्ञान व सुदृढ मनाची व्यक्ती लेखी नमूद करू शकते. दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते, पूर्वीप्रमाणे दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही. आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा, त्यांची नावेही त्यात लिहावयाची असतात. अंमलबजावणीपूर्वी रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळे प्रकरण तपासतात. हा निर्णय प्रत्येकाच्या श्रद्धेचा आहे. परंतु तो आपण घेतला नाही, तर मुलांना अतिदक्षता विभागाच्या दारात घ्यावा लागतो, आणि त्यानंतर आयुष्यभर मनात बाळगावा लागतो.

तिसरा टप्पा : नॉमिनी, वारस आणि मृत्युपत्र

येथे सर्वांत प्रचलित गैरसमज असा, की नॉमिनी म्हणजे मालक. सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये सरबती देवी प्रकरणात विमा पॉलिसीबाबत, 2010 मध्ये रामचंदर तलवार प्रकरणात बँक ठेवींबाबत आणि डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात कंपन्यांच्या समभागांबाबत एकच तत्त्व सांगितले : नॉमिनी हा रक्कम स्वीकारण्याचा अधिकारी आहे, त्यायोगे वारसांचे हक्क बाधित होत नाहीत. नॉमिनीला रक्कम दिली की बँक मोकळी होते, नॉमिनी मोकळा होत नाही. त्याने ती खऱ्या हक्कदारांपर्यंत पोहोचवावयाची असते.

आपल्या उदाहरणातील बाईंनी मृत्युपत्र केले नाही, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मुलगा व मुलगी समान वारस ठरतात. मुलाला वाटते, ‘आईने माझेच नाव लावले होते.’ मुलीला वाटते, ‘कायद्याने निम्मा वाटा माझा.’ दोघेही आईच्या मनात काय होते हे खात्रीने सांगू शकत नाहीत, आणि सांगू शकणारी व्यक्ती आता नसते. भावंडांच्या संबंधांत येथे जी भेग पडते, ती पुढे पैशाने भरून निघत नाही.

नामांकनाची उपयुक्तता अर्थातच मोठी आहे. त्याविना रक्कम हाती येण्यास विलंब लागतो. बँकिंग कायदे (सुधारणा) अधिनियम, 2025 मधील तरतुदींनुसार 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेव खात्यासाठी चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. ते एकाच वेळी, प्रत्येकाचा टक्केवारीतील वाटा नमूद करून, नेमता येतात किंवा एकापाठोपाठ एक अशा क्रमाने. लॉकर व सुरक्षित अभिरक्षेतील वस्तूंसाठी मात्र क्रमवार नेमणूकच करता येते. म्हणजे बाईंना आता मुलगा व मुलगी यांची नावे 50-50 टक्के लावता येतील. नामांकन आणि मृत्युपत्र यांत एकवाक्यता ठेवली, की वादाचे मूळच नाहीसे होते.

मृत्यू पावलेल्या ग्राहकांच्या दाव्यांविषयी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये एकत्रित निर्देश जारी केले आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी 31 मार्च 2026 ही मुदत दिली. त्यांनुसार सर्व आवश्यक कागदपत्रे मिळाल्यापासून 15 दिवसांत ठेवींचा दावा निकाली काढावयाचा आहे. नामांकन नसेल, तर व्यापारी बँकांत 15 लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी सुलभ पद्धत आहे.

मृत्युपत्राबाबत मुख्य नियम भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मध्ये आहेत. करणारी व्यक्ती सज्ञान व सुदृढ मनाची असावी, तिने सही वा अंगठा करावा आणि किमान दोन साक्षीदारांनी ते साक्षांकित करावे. मुद्रांक शुल्क लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी ऐच्छिक आहे, पण दुय्यम निबंधकांकडे केलेली नोंदणी पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडते. साक्षीदार लाभार्थी नसावेत व शक्यतो आपल्याहून वयाने लहान असावेत, कारण वाद झाल्यास किमान एका साक्षीदाराची साक्ष आवश्यक ठरते. सत्तरीपुढील व्यक्तीने त्याच दिवशीचा, मानसिक क्षमतेविषयीचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा. अंमलबजावणी करणाऱ्या व्यक्तीचे, म्हणजे एक्झिक्युटरचे, नाव लिहावे आणि तिची पूर्वसंमती घ्यावी.

आपल्या देशात हा विषय सर्वांना एकसारखा लागू नाही. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यानुसार वारसांच्या संमतीविना साधारणतः एक तृतीयांश मालमत्तेपुरतेच मृत्युपत्र करता येते. गोव्यात वारसाहक्काविषयीचा 2012 चा स्वतंत्र कायदा लागू आहे. तेथे मुलांचा राखीव वाटा असून सर्वसाधारणपणे आपल्या निम्म्या मालमत्तेपुरतेच मृत्युपत्राचे स्वातंत्र्य असते. म्हणून मुंबईतील नातेवाइकाच्या मृत्युपत्राची नक्कल करून मडगावात भागत नाही. स्थानिक जाणकाराचा सल्ला घ्यावाच लागतो.

हयातीतच देऊन टाकताना

‘मागाहून वाद नको, आत्ताच घर मुलाच्या नावे करून टाकू,’ असा विचार अनेक वडीलधारे करतात. महाराष्ट्रात निवासी वा शेतजमिनीचे बक्षीसपत्र पती, पत्नी, मुले वा नातवंडे यांना केल्यास मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये आहे, अन्य अधिभार व नोंदणीचा खर्च वेगळा. स्वस्त असल्याने मोह अधिक. परंतु मृत्युपत्र केव्हाही बदलता येते, तर नोंदणीकृत बक्षीसपत्र केवळ मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही.

पालक व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, 2007 याने येथे एक संरक्षण दिले आहे. कलम 23 नुसार, घेणाऱ्याने ज्येष्ठाच्या मूलभूत गरजा भागवाव्यात या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि त्याने ते नाकारले, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. या तरतुदीतील कळीचा शब्द ‘अट’ हा आहे. डिसेंबर 2022 मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट सिद्ध होणे आवश्यक मानले. जानेवारी 2025 मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका मातेचे बक्षीसपत्र रद्द करून घराचा ताबा परत देण्याचा आदेश दिला आणि हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे वाचावा, असे सांगितले. त्या प्रकरणात मुलाने आईचा सांभाळ करण्याचे लेखी वचन दिल्याचे मांडले गेले होते. यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर सांभाळाची अट आणि स्वतःचा तहहयात निवासाचा हक्क, दोन्ही त्या दस्तातच लिहावेत.

याच कायद्यान्वये निराधार आईवडील, तसेच अपत्यहीन ज्येष्ठ व्यक्ती, उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी अर्ज करू शकतात. निर्वाहाची कमाल रक्कम राज्य शासन ठरवते, मात्र 2007 च्या कायद्याने ती दरमहा 10,000 रुपयांच्या आत ठेवली आहे. नोटीस बजावल्यापासून साधारणतः 90 दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. अर्जाला वकिलाची आवश्यकता नाही. प्राथमिक माहितीसाठी 14567 ही ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी आणि विनामूल्य विधी साहाय्यासाठी 15100 हे क्रमांक उपलब्ध आहेत.

सल्लागार कसा निवडावा?

अमेरिकेत असे वकील आपल्या सेवांची जाहिरात करतात. भारतात वकिलांना जाहिरातीची मुभा नाही, त्यामुळे ‘ज्येष्ठांचे अनुभवी वकील’ असा फलक आपल्याला दिसणार नाही. चौकशी करूनच निवड करावी लागते. भेटीत पुढील प्रश्न जरूर विचारावेत. आपण उच्च न्यायालयात पालकनियुक्तीचे प्रकरण हाताळले आहे काय? मृत्युपत्र आणि नामांकने यांचा मेळ आपण घालून द्याल काय? शुल्क एकरकमी की प्रत्येक दस्तागणिक? आणि सर्वांत महत्त्वाचे, आपले अशील कोण : आई, की तिला घेऊन आलेला मुलगा? चांगली वकील महिला या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘आई’ असे देते, आणि थोडा वेळ मुलाला बाहेर बसवून आईशी एकटीने बोलते.

हीच कसोटी आपण बँक कर्मचाऱ्यांनीही पाळावी. ज्येष्ठ ग्राहकासोबत कोणी आले असले, तरी प्रश्न ग्राहकालाच विचारावा आणि उत्तर त्याच्याच तोंडून घ्यावे. नामांकन बदलण्याची वा मोठी ठेव मोडण्याची घाई सोबतचाच माणूस करीत असेल, तर क्षणभर थांबावे. संयुक्त खाते उघडताना व्यवहाराच्या पद्धतीतील फरक सोप्या शब्दांत सांगावा. ‘नॉमिनी लावा, म्हणजे काळजी नाही’ हे वाक्य मात्र आपल्या तोंडून कधी जाऊ नये.

ग्राहकांसाठी उजळणी

1. सर्व खाती, ठेवी, विमा, लॉकर व स्थावर मालमत्ता यांची एक यादी करून तिचे ठिकाण दोन विश्वासू व्यक्तींना सांगावे.
2. प्रत्येक संयुक्त खात्याच्या व्यवहाराची पद्धत शाखेत विचारून घ्यावी.
3. सर्व नामांकने तपासावीत. मयत वा दुरावलेल्या व्यक्तीचे नाव राहिले असल्यास बदलावे.
4. मृत्युपत्र करावे आणि नामांकनाशी ते जुळवून घ्यावे.
5. निर्णयक्षमता गेल्यास उपचाराचा खर्च कोणत्या खात्यातून व कोण करील, हे आजच ठरवावे. गरज असल्यास न्यासाचा विचार करावा.
6. उपचारविषयक इच्छा लिहून ठेवावी.
7. बक्षीसपत्र अटीविना करू नये.

या सात कामांपैकी पहिली तीन एका दुपारी होण्याजोगी आहेत. चौथे व सहावे दोन-तीन बैठकांत होते. पाचव्याला मात्र खरा विचार लागतो, आणि तेच आपण नेहमी टाळतो, कारण स्वतःच्या विस्मरणाची कल्पना कोणालाच रुचत नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. या विहिरीच्या बाबतीत तर तहान लागल्यावर खणणारा हातच उरत नाही. आपल्या सहीला आज जे मोल आहे, ते तिच्यामागे उभ्या असलेल्या जाणत्या मनामुळे. ते मन जागे आहे तोवर हे कागद पूर्ण करावेत, आणि या कामी आपल्या शाखेचे साहाय्य निःसंकोचपणे मागावे.